धागा कापेपर्यंत

सोनकोल, वरचं कुरण
८ जून २०१४

कुंदुझ,

तुझं डोकं तू इस्तंबूलच्या विमानतळावर, त्या सामान फिरवणाऱ्या पट्ट्यावर विसरून आलीस काय? अजून गोल गोल फिरत असेल बिचारं. काल तुझं पत्र पोचलं, सगीनबेकने दोनदा वाचून दाखवलं. त्यात समुद्र आहे, मांजरं आहेत, चौथ्या मजल्याच्या पायऱ्या आहेत, तू सांभाळतेस त्या मुअल्ला हानिमचं, म्हणजे मुअल्लाबाईंचं, मोडलेलं खुब्याचं हाड आहे. तू परत कधी येणार, एवढं मात्र लिहायचं राहिलं. मागच्या हिवाळ्यातही हेच विसरली होतीस. आणि तुझ्या लेकीला, बेर्मेतला, बूट पाठवलेस, त्यातल्या एकालाच नाडी. दुसरी नाडी त्या म्हातारीच्या गळ्यात बांधलीस की काय?

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. इथे वर कुरणावर फोन लागत नाही. खाली गावात लागायचा तेव्हा तरी तू काय बोलायचीस? ‘बरी आहे आजी, बरी आहे आजी,’ आणि मग नाक ओढल्याचा आवाज. कागदावर नाक ओढता येत नाही. काहीतरी सांगावंच लागतं.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. इतर मुली शाळेत बसल्या तेव्हा माझ्या वाट्याला मेंढ्या आल्या. म्हणून हे सगळं सगीनबेक लिहितोय. जन्मभर सरकारी कळपांचा डॉक्टर होता, त्यामुळे पत्र वाचून तुला खुरकूत झाली असं वाटलं तर घाबरू नकोस, त्याची लिहायची पद्धतच ती आहे. तो आता माझ्याकडे बघतोय. लिही रे, हेही लिही.

बेर्मेत मजेत आहे. रांगते. तंबूची कड धरून उभी राहते आणि धपकन बसते. चार दिवस तुझ्यासाठी रडली, आता कुणासाठीच रडत नाही. ती आपल्या घराण्याची आहे.

येणार कधी ते लिही.

तुझी आजी बतमा


इस्तंबूल
२४ जून

आजी,

विसरले नव्हते. लिहायचं टाळलं होतं.

मी इथे पाहुणी म्हणून आले आहे. आपल्या किर्गिझ लोकांना इथे व्हिसा लागत नाही. पासपोर्टवर शिक्का मारतात आणि आत सोडतात. पण मागच्या एकशे ऐंशी दिवसांत मिळून नव्वदच दिवस राहता येतं. माझे बावीस ऑगस्टला संपतात. मग घरी यायचं, आणि जवळजवळ डिसेंबरपर्यंत थांबायचं. आणि पाहुणीने खरं म्हणजे कामच करायचं नसतं, आजी. मी काम करते ते कुणी विचारत नाही म्हणून. दारावरची घंटा वाजली की मुअल्ला हानिम आधी विचारते, ‘कोण?’ आणि मी मागच्या खोलीत जाते.

तिची मुलगी नेस्रिन म्हणते, तू गेलीस तर तीन महिने आईला कोण उठवणार? दुसरी बाई ठेवली तर मग तीच राहील. मुअल्ला हानिम जन्मभर नवऱ्या मुलींचे कपडे शिवत होती. हात अजून सुंदर आहेत, पण मेजवानीला निघाल्यासारखा हुकूम सोडते. ‘उशी वर. तेवढी नाही. तू उशी उचलतेस की पोतं?’ काल म्हणाली, ‘तुझ्या हातांना माझं हाड कळतं.’ एवढं चांगलं ती कुणाला बोलत नाही.

ओळखीच्या बायका सांगतात, बसने जॉर्जियाला जा, रात्रभर राहा, सकाळी परत ये, नवा शिक्का म्हणजे नवे नव्वद दिवस. पूर्वी सगळ्याच असं करायच्या. काय करू?

एक विचारायचं आहे आणि विचारायची भीती वाटते. बेर्मेत चालायला लागली तर? तुम्ही तिच्या पायांत काळा-पांढरा धागा बांधाल, पोरं धावतील, पहिलं येईल ते धागा कापेल, बोरसोकचे पिठाचे तुकडे तळाल, सगळं कुरण जमेल, आणि मी इथे एका परक्या बाईला चालायला शिकवत असेन. माझ्यामागे ती चालली असं ऐकलं तर मला ते सहन होईल का, माहीत नाही.

एका बुटाची नाडी माझ्या पिशवीत सापडली. पाठवतेय.

तुझी कुंदुझ


सोनकोल
९ जुलै

कुंदुझ बये,

जॉर्जियाला जाऊ नकोस. हे सगळ्यांत आधी लिहून घे म्हणून मी सगीनबेकला सांगितलं, नाहीतर तो आधी हवामान लिहितो.

नीट ऐक. आपण या उतारावर मेंढ्या किती दिवस चारतो? गवत बोटभर उरेपर्यंत. मग उठवतो, आणि जेवढे दिवस चारलं तेवढे दिवस उतार मोकळा सोडतो. आता समज, मी मेंढ्या संध्याकाळी ओढ्यापलीकडे नेल्या, रात्रभर ठेवल्या आणि सकाळी परत आणून उताराला म्हटलं, ‘आम्ही जाऊन आलो बरं का, आता नवं गवत दे.’ उतार काय म्हणेल? ओढा ओलांडला म्हणून गवत उगवत नाही. मागचं खाल्लेलं त्याला लागलेलंच असतं. तुमच्या सीमेवर बसलेला माणूस कितीदा आलीस ते बघणार नाही, किती चरलीस ते बघेल. पूर्वी चालायचं म्हणतेस, तर पूर्वी कुणी मोजत नव्हतं.

माझं ऐक. मुदतीच्या आत घरी ये, गवत उगवू दे, मग पुन्हा जा. मुअल्ला हानिमला तुझ्या हातांची गरज असेल तर ती वाट बघेल. नसेल तर तिचं ते गोड बोलणं फुकटचंच होतं.

बेर्मेत अजून चालत नाही. काळजी करू नकोस. नाडी मिळाली, बूट घातले, बुटांचे तळवे आत्ताच झिजलेत. काल शेजारच्या तंबूत किमिझच्या भांड्यात हात घालून उभी होती. घोडीचं दूध थेट कोपरापर्यंत. तिथे कशी पोचली ते विचारू नकोस. पोरं कशीही पोचतात.

सगीनबेकला आज लिहायला फार वेळ लागतोय. सारखा थांबून माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, डोळे आले असतील तर औषध तुझंच आहे, घाल.

किमिझ यंदा चांगलं झालंय. तुझ्या वाट्याचं मी पिते.

आजी


इस्तंबूल
२० जुलै

आजी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी जाऊन आले होते.

रात्र आणि अर्धा दिवस बस. पलीकडे एका बाईच्या घरी झोपले, तिने मक्याची भाकरी दिली, सकाळी परतीच्या रांगेत उभी राहिले. सीमेवरच्या माणसाने संगणकात पाहिलं. तरुण होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, “ताई, काल गेलीस, आज आलीस. मागचे दिवस मागे राहत नाहीत. ते तुझ्याबरोबर आलेत.” नवा शिक्का मारला, पण तारीख तीच, बावीस ऑगस्ट. मग विचारलं, “फिरायलाच आली आहेस ना?” मी म्हटलं, हो. “काय काय पाहिलंस?” मला एकाही जागेचं नाव आठवेना. मी म्हटलं, “समुद्र.” मुअल्ला हानिमच्या स्वयंपाकघरातून तो बोटभर दिसतो. त्याने पासपोर्ट परत दिला आणि म्हणाला, “मुदत उलटून राहू नकोस. थोडं झालं तर दंडावर निभावतं. जास्त झालं, किंवा कामावर सापडलीस, तर दार कित्येक वर्षं बंद होतं.”

म्हणजे तुझं गवत बरोबर निघालं. हस आता.

पण आजी, मी आता वेगळंच ठरवलंय. रागावू नकोस.

मुअल्ला हानिमला व्यायाम शिकवायला एक बाई येते. तिला मी सहज विचारलं, दीड वर्षाची मुलगी अजून चालत नाही, असं होतं का? ती हसली नाही. म्हणाली, खुबा तपासून घ्या, उशीर केला तर आयुष्यभर लंगडेल. तेव्हापासून मी नीट झोपलेले नाही. तू ‘काळजी करू नकोस’ लिहितेस म्हणजे तुलाही काळजी आहे. तुझी सवय मला माहीत आहे. घोडा मेला होता तेव्हाही तू ‘जरा झोपलाय’ म्हणाली होतीस.

बिश्केकला हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं, कदाचित शस्त्रक्रिया करायची, तर पैसा लागेल. बावीस तारखेला आले तर हातात काही नसेल. म्हणून मी थांबतेय. बर्फ पडेपर्यंत थांबेन, बाहेर पडणार नाही, बाजारहाट नेस्रिन करेल. पुढे दार बंद झालं तर होऊ दे. मला हे दार नकोच आहे, मला तिचे पाय हवे आहेत.

तिला उभं करायची घाई करू नका. खुब्यावर भार नको.

कुंदुझ


सोनकोल
६ ऑगस्ट

कुंदुझ,

बेर्मेत चालते.

पुन्हा सांगते. बेर्मेत चालते, पळते, चढते, आणि पकडायला गेलं की मेंढ्यांच्या पोटाखालून निसटते. तिचा खुबा माझ्या दोन्ही खुब्यांपेक्षा चांगला आहे. या क्षणी ती सगीनबेकची टोपी घेऊन पळाली आहे आणि तो उघड्या टकलाने हे लिहितोय.

तुझं ते ‘सहन होईल का, माहीत नाही’ वालं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी ती चुलीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत चालत आली. मी हसले, तीही हसली आणि पडली. दुसऱ्या दिवशी सगीनबेकने तुझं पत्र वाचलं. आता मी काय लिहायला हवं होतं? ‘चालली, तू नव्हतीस’? माझ्या जिभेवर ते येईना. मग मी आपल्या रिवाजाचा आधार घेतला. धागा कापेपर्यंत मूल चाललं असं आपल्यात कोण म्हणतं? तोवर ते नुसतं इकडून तिकडे करतं. धागा मी कापू दिला नाही. शेजारणी सारख्या विचारतात, बतमा, पोरीचा धागा कधी? मी म्हणते, चालू तर दे. आणि पोर त्यांच्यासमोरून धावत जाते. त्या मला वेड लागलंय असं समजतात. तुझ्या त्या सीमेवरच्या साहेबाने दिवस त्याच्या पद्धतीने मोजावेत आणि मी पावलं माझ्या पद्धतीने मोजू नयेत होय?

सगीनबेक तेव्हाच म्हणाला होता, “बतमा, ही लबाडी आहे.” मी म्हटलं, “तू लेखणी आहेस, लेखणीने बोलायचं नसतं.” आज तो म्हणतोय, आता तरी बोलू दे. बोल बाबा.

*कुंदुझ, मी सगीनबेक. मूल मी स्वतः तपासलं. दोन्ही मागचे पाय सारख्या लांबीचे, सांधे मोकळे, चाल सरळ, भूक उत्तम. चुकून मागचे लिहिलं, तिला दोनच आहेत. तू निघ.*

ऐकलंस ना? मी माझ्या मनाने तुझं एक दुःख वाचवायला गेले आणि तुला त्या दाराआड कोंडून बसले. हे पत्र घेऊन दुधाची गाडी आज खाली जातेय. गाडीवाल्याला मी सांगितलंय की वाटेत कुठे लग्नाला थांबलास तर तुझ्या पुढच्या सात घोड्या वांझ निघतील.

बावीस तारखेच्या आत निघ. पैसे असोत नसोत. रिकाम्या हाताने ये. मला तुझे हात भरलेले बघायचे नाहीत, मोकळे बघायचेत.

आजी


सोनकोल
२५ ऑगस्ट

कुंदुझ,

तुझं काही आलं नाही. तू तारखेला निघाली असतीस तर एव्हाना इथे असतीस.

गाडीवाला वाटेत लग्नाला थांबला होता. स्वतःच्या मेव्हण्याच्या. चार दिवस. मी त्याच्या सात घोड्या त्याच्यासमोर बोटांवर मोजून दाखवल्या.

काल मी घोड्यावर बसले. ओरडू नकोस, सगीनबेकने लगाम धरला होता. त्या दगडी खिंडीवर गेलो, जिथे पोरं फोन वर धरून उभी राहतात. सगीनबेकने त्याच्या फोनवरून तुझा नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. वाजला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. इतक्या लांबून तुझ्या खोलीतली घंटा मला ऐकू येत होती आणि तू उचलत नव्हतीस. मग सगीनबेक म्हणाला, परक्या नंबराला ती घाबरत असेल. लपून राहणारी माणसं अशीच करतात.

माझी नात, जी पाच वर्षांची असताना पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या अंगावर ओरडली होती, ती घंटेला घाबरते. हे मला घोड्यावरून उतरताना कळलं, म्हणून उतरायला वेळ लागला.

बेर्मेत आज माझा हात धरून तळ्यापर्यंत आली. मी तिला म्हटलं, चालू नकोस गं, अजून धागा कापायचाय. ती ऐकत नाही. मलाही आता ते म्हणताना बरं वाटत नाही.

काही लिही. ‘बरी आहे आजी’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

आजी


इस्तंबूल
२ सप्टेंबर

आजी,

तो फोन तू होतीस? अनोळखी नंबर पाहून मी फोन उशीखाली दाबला. दोनदा. मुअल्ला हानिमच्याच उशीखाली. ती म्हणाली, “माझ्या डोक्याखाली कुणीतरी रडतंय, घे गं.” मी घेतला नाही.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच आली, सहा तारखेचं आधी उघडलं. ‘बेर्मेत चालते’ एवढंच वाचलं आणि मी जमिनीवर बसले. मुअल्ला हानिमला वाटलं कुणी गेलं. मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिची भाषा आणि आपली इतकी जवळ आहे की निम्मं तिला तसंच कळलं. सगीनबेककाकांच्या मागच्या पायांवर ती इतकी हसली की खुबा दुखायला लागला. मग म्हणाली, “तुझी आजी खोटारडी आहे.” मी म्हटलं, हो. म्हणाली, “माझ्या मुलीने माझ्यासाठी असं एक खोटं बोललं असतं तर.” आणि उशी वर करायला सांगितली.

संध्याकाळी नेस्रिन आली. म्हणाली, आता मुदत उलटलीच आहे, दंड व्हायचा तो होणारच, मग बर्फापर्यंत थांबलीस तर काय बिघडलं? मी गेले महिनाभर स्वतःशी हेच बोलत होते. पण पलंगावरून मुअल्ला हानिम ओरडली, “पाच वर्षं दार बंद झालं तर माझं हाड कोण उचलेल? मी पाच वर्षं जगणार आहे! तिला आज सोड म्हणजे ती परत येईल.” तिने ते स्वतःसाठी म्हटलं असं दाखवलं. पण म्हणताना तिने माझा हात घट्ट धरला होता, सोडायला लागल्यावर तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

तिकीट सहा तारखेचं मिळालं. विमानतळावर दंड भरायचा आहे. तिथे काय शिक्का मारतील, पुन्हा येऊ देतील की नाही, कुणी नक्की सांगत नाही. एक बाई उद्याच निघतेय, तिच्या हाती हे देते, म्हणजे मी पोचायच्या आधी तू रागावून घेशील.

आजी, मी रागावले नाही. रस्त्यात रागावायचा प्रयत्न करीन, पण चुलीपासून गुडघ्यापर्यंत एवढंच डोळ्यांपुढे येतंय.

धागा कापू नका. मी येतेय.

कुंदुझ


कोच्कोरजवळचं आमचं गाव
१९ ऑक्टोबर

मुअल्ला हानिम,

आपली ओळख नाही, तरी माझी सगळी पत्रं तुमच्या पलंगाशेजारी वाचली गेली आहेत, तेव्हा तुम्हाला माझे सगळे अवगुण पाठ असतील. तुमचे मला आहेत. हे पत्र कुंदुझ लिहितेय, मी बोलतेय. सगीनबेकला मी काढून टाकलं. तो आता हिवाळाभर आपली टोपी शोधेल.

कुंदुझ पोचली. विमानतळावर तिने दंड भरला. तिथल्या माणसाने सांगितलं की मुदत थोडीच उलटली आणि पैसे जागेवर भरले, म्हणून बंदी घालत नाही, पण दिवस पुरे भरल्याशिवाय परत यायचं नाही. ती म्हणते, त्याने पुढे जायची खूण केली तरी ती शिक्का दोनदा वाचूनच हलली.

आम्ही कुरणावरून उतरायच्या आदल्या दिवशी धागा कापला. बेर्मेतला आई ओळखायला काही दिवस लागले, ते मी लपवत नाही. लपवायचं मी सध्या बंद केलंय. पहिल्या दिवशी ती माझ्यामागे लपून आईकडे बघत होती आणि कुंदुझ तंबूबाहेर जाऊन घोड्याला चारा घालत बसली, घोडा पोटभर खाऊन उभा असताना. (आजी, हे लिहायची गरज आहे का? आहे. लिही.)

शर्यतीत कुंदुझही धावली. तुमच्या चौथ्या मजल्यावर तिला धावायला मिळत नाही हे लगेच कळलं. सगीनबेकच्या पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे. दूधवालीची नऊ वर्षांची मुलगी जिंकली. तिने धागा कापला, सगळे टाळ्या वाजवायला तयार झाले, आणि दोन महिने मेंढ्यांमागे पळणारी आमची बेर्मेत मट्टकन खाली बसली. उठेचना. शेजारणी माझ्याकडे बघायला लागल्या, की बतमा खरंच बोलत होती काय!

मग उठली. सवयीने माझ्याकडे यायला लागली. मी समोरच होते, तिचा हात नेहमी माझ्या गुडघ्याला लागतो. मुअल्ला हानिम, मी बाजूला झाले. तिचा हात हवेत राहिला. ती जरा डगमगली, माझ्यामागे कुंदुझ बसली होती, तिच्याकडे गेली आणि तिला धरून उभी राहिली. मी किती दूर सरकले होते म्हणाल तर एक पाऊल. माझ्या वयात ते लांब पडतं.

आता तुमची पाळी.

कुंदुझ डिसेंबरात यायला मोकळी आहे. पण पाहुणीच्या शिक्क्यावर मी तिला पाठवणार नाही. घंटा वाजली की मागच्या खोलीत जाणारी बाई मला नको, तुम्हालाही नसावी. तुमच्या नेस्रिनला सांगा, कामाचा परवाना काढायचा. ती म्हणेल फार कटकट आहे, फार खर्च आहे. तिला सांगा, एक अडाणी म्हातारी ऐंशीव्या वर्षी घोड्यावर बसून फोन करायला गेली होती, तुला कचेरीतल्या लिफ्टने वर जायचंय. परवाना झाला तर कुंदुझ येईल, पुढच्या दाराने, आणि तुमच्याबरोबर समुद्राला जाईल. तो सीमेवरचा माणूस पुन्हा विचारेल, तेव्हा तिला बोटभरापेक्षा जास्त सांगता आलं पाहिजे. झाला नाही, तर ती इथेच राहील आणि तुम्ही दुसऱ्या हातांची सवय करून घ्याल. आम्हा तिघींना वाईट वाटेल. तुम्हाला किती वाटेल ते तुम्ही जाणा, पण तो हात सोडायला दोनदा प्रयत्न करावा लागला हे मी ऐकलंय.

हे लिहिताना कुंदुझने लेखणी खाली ठेवली होती. आता उचलली आहे.

हे पत्र आणणाऱ्या बाईच्या हाती आमच्याकडून कुरुत पाठवतेय, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. चावू नका, तोंडात धरून ठेवा. दगडासारख्या वाटतील, पण थोड्या वेळाने ऐकतात. तुम्ही वाळलेले अंजीर पाठवा. परवान्याची बातमी चांगली असेल तर पाठवाच, वाईट असेल तर दुप्पट पाठवा, ती बातमी आम्हाला कशाबरोबर तरी गिळावी लागेल. फक्त मऊ बघून घ्या, एकीला दात येताहेत आणि एकीचे गेलेत.